पाच वर्षांनंतर

तिसऱ्या पर्वाच्या शेवटी
काळ्या पडद्यावर तीन सेकंद पांढरी अक्षरं येतात :
पाच वर्षांनंतर.
लेखकांच्या खोलीत हे ठरायला
एक दुपार लागली, आणि अर्धा पिझ्झा.

बर्नबीच्या पत्र्याच्या स्टुडिओत
हिल्का हल्मिनेनला मात्र अकरा दिवस लागले.
कंटिन्युइटी बघते ती. सव्वीस वर्षं.
म्हणजे यानातल्या कुठल्या कपाचा कान कधी तुटला,
कप्तानाच्या भुवईवरचा व्रण डावा की उजवा,
गुरूची फेरी संपली तेव्हा
कुंडीतल्या रोपाला पानं किती होती,
सगळं तिच्या वहीत, शिसपेन्सिलीनं.
शाईवर तिचा विश्वास नाही.

अकरा दिवस ती वर्षं वाटत बसली.
भिंतींना पाच वर्षांचा गंज दिला,
कप्तानाच्या कानशिलांना राखाडी,
मुदपाकखान्यातल्या घड्याळाला काहीच नाही;
ते दुसऱ्या भागापासून बंदच होतं.

मग राहिली टोवा.
कप्तानाची मुलगी. वहीत : वय सात.
आणि मेकअपच्या खुर्चीत आता बसलेली,
पाय जमिनीला टेकलेली, फोनमध्ये बुडालेली,
सहज सोळाची.

सात आणि पाच बारा.
हिल्कानं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं,
निर्मात्याला चिठ्ठी धाडली :
चार वर्षं हिशेबात लागत नाहीत.
डेस्मंड प्लॉट्किन हसला. भला माणूस.
म्हणाला, अगं, सोळाची पोरगी
रागाच्या भरात यान पळवते.
बाराची फक्त दार आपटते.
आणि मोजतंय कोण?

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.
हिल्काला ही म्हण कुणी सांगितली नसणार,
पण कॉफी गार होईपर्यंत
ती नेमकं हेच सांगत होती.
(तिथीचाही क्षय होतो की आमच्या पंचांगात.
सूर्योदय न बघताच एखादी पंचमी निघून जाते.
पण तिथं निदान तसं छापतात.)

त्या रात्री तिनं जुनी वही काढली.
दुसरं पर्व, सातवा भाग, प्रसंग चौतीस.
दारातून बाहेर पडणारी टोवा मंगळवारी चित्रित झाली,
त्याच दारापलीकडे निघालेली टोवा शुक्रवारी.
मधल्या बुधवारी, सफरचंद खाताना,
त्या चिमुरड्या नटीचा, मरियेलचा,
पुढचा दात पडला.
एक उंबरठा ओलांडायला तिला
तीन दिवस लागले आणि एक दात.
खोटा बसवला. मरियेल रडली,
दातासाठी नाही; त्या खोट्यानं तिला ‘स’ म्हणता येईना,
आणि वाक्य होतं : बाबा, सूर्य संपला का?
हिल्कानं लिहिलं : दात – आहे.
खाली, बारीक : नाही.

मरियेल आता नऊची.
तिची वाढ कथेला पुरली नाही.
नावाचा केक कापून तिला निरोप दिला.

शेवटी हिल्कानंच तोड काढली.
कप्तान अफाट वेगात होता, टोवा स्थानकावर थांबलेली.
वेगात असणाऱ्याचं घड्याळ मागे पडतं,
हे तर खरंखुरं शास्त्र.
त्याची पाच, तिची नऊ. ताळा जमला.
एकच वाक्य हवं होतं, चार सेकंदांचं :
‘तुझी पाच झाली, बाबा. माझी नऊ.’
नव्या मुलीनं ते पहिल्याच टेकला म्हटलं,
पाठमोरी, बुटाची नाडी बांधत,
आणि दिग्दर्शक ‘कट’ म्हणायला विसरला.

संकलनात ते गेलं.
जाहिरातीला चार सेकंद कमी पडत होते.

हिल्का रात्री दीडला घरी निघते,
हेस्टिंग्ज स्ट्रीटनं, वायपर चालू.
नोव्हेंबर संपत आला,
तिच्या गाडीतलं घड्याळ अजून उन्हाळ्याचंच,
एक तास पुढे.
ते ती लावत नाही.